ताऱ्यांभोंवतींची ऊबदार धूळ

माघ महिन्यांत आमच्या पांढरकवड्यास रात्रीच्या पहिल्या प्रहरीं दक्षिणेकडे दृष्टि टाकली असतां क्षितिजापासून फारसा वर न चढलेला अगस्त्याचा तेजस्वी तारा सहज ओळखतां येतो. त्याच्या उजव्या हातास, फार दूर नव्हे, एक अंधुक तारा आहे. पाश्चात्य ज्योतिषी त्यास ‘बीटा पिक्टोरिस’ म्हणतात. आपल्या सूर्याचें वय सुमारें ४६० कोटि वर्षें, तर याचें अवघें २ कोटि. म्हणजे ताऱ्यांच्या मानानें हा तान्हाच. आपल्या पृथ्वीचें बाळपण कसें गेलें हें ज्यास जाणावयाचें असेल, त्यानें अशाच ताऱ्यांकडे पाहिलें पाहिजे. कारण ग्रह घडतात ते कोवळ्या ताऱ्याभोंवतीं फिरणाऱ्या धुळीपासून.

परंतु ही धूळ दिसावी कशी? ताऱ्याच्या लखलखाटापुढें ती लोपून जाते. येथें उष्णता साहाय्यास येते. चुलींतील निखारा काळा पडला तरी हात जवळ नेतांच धग लागते. ती धग म्हणजे डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण होत. विल्यम हर्शेल यानें १८०० सालीं सूर्यप्रकाशाच्या तांबड्या पट्ट्यापलीकडे, जेथें कांहींच दिसत नाहीं तेथें, उष्णतामापक ठेवून त्यांचा शोध लावला. ताऱ्याजवळची तापलेली धूळ आखूड लहरींचे किरण सोडते, दूरची थंड धूळ लांब लहरींचे. म्हणून लहरींच्या लांबीवरून धूळ किती अंतरावर आहे हें ताडतां येतें. पृथ्वीइतकी ऊबदार धूळ सुमारें १० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढ्या, लहरींवर विशेष प्रकट होते. आणि आपल्यासारखे खडकाळ ग्रह त्याच टापूंत घडण्याचा संभव असतो.

अडचण आपल्याच वातावरणाची. हवेंतील बाष्प हे किरण पुष्कळसे गिळून टाकतें, शिवाय हवा आणि दुर्बीण ह्यांची स्वतःची धगही त्यांत मिसळते. म्हणून दुर्बीण उंच न्यावी लागते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १०० सेंटिमीटर व्यासाची दुर्बीण हैदराबादेहून फुग्याच्या साहाय्यानें सुमारें ३० किलोमीटर उंच चढवून, तारे जेथें जन्मतात त्या मेघांतील धुळीचें निरीक्षण केलें. १९८३ सालीं अवकाशांत गेलेल्या ‘आयरास’ दुर्बिणीस अभिजित् व बीटा पिक्टोरिस ह्यांपाशीं अपेक्षेहून अधिक धग आढळली आणि ह्या शोधास खरा वेग आला.

पुढील गोष्ट तर अधिकच नवलाची. २००४-०५ सालीं ‘स्पिट्झर’ दुर्बिणीस बीटा पिक्टोरिसजवळ बारीक ऊबदार धूळ दिसली होती. २०२३ सालीं ‘वेब’ दुर्बिणीनें पाहिलें तों ती नाहींशी झालेली! ज्योतिषांचें अनुमान असें कीं, तेथें दोन मोठे पिंड आदळून त्यांचा चुरा झाला असावा, आणि तो ताऱ्याच्या प्रकाशाच्या दाबानें दूर लोटला गेला असावा. आपला चंद्रही पृथ्वीवरील अशाच एका प्रचंड आघातांतून जन्मला, असें आज बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

आकाश स्थिर आहे, तेथील घडामोडींस युगें लागतात, अशी आपली समजूत असते. येथें तर वीस वर्षांच्या आंत, घरांतील एक मूल लहानाचें मोठें होतें तेवढ्या काळांत, आकाशांत फरक पडलेला दिसला. अगस्त्य सर्वांच्या परिचयाचा आहे. येत्या माघांत चांदणें नसतां मुलांस त्याच्या शेजारचा हा तान्हा ताराही अवश्य दाखवावा.