इत्तेकिमास, म्हणजे येतो हं!

शाळेला निघताना दारातून एकदा ओरडून बघा, "आजी, जातो गं!" आजी लगेच दटावेल, "जातो म्हणू नये रे, येतो म्हणावं."

आता तोक्योतल्या एखाद्या घराचं दार डोळ्यांपुढे आणा. पाठीवर दप्तर, एक बूट पायात, दुसरा अर्धवट चढवलेला आणि मुलगा ओरडतोय, "इत्तेकिमास!" आतून आई म्हणते, "इत्तेराश्शाई!"

या शब्दाची फोड करू या. 'इत्ते' म्हणजे जाऊन. 'किमास' म्हणजे येतो. झालं की! "जाऊन येतो." आणि आई म्हणतेय, "जाऊन या." तिकडच्या आयांनाही नुसतं 'जातो' चालत नाही बहुतेक!

मुलाऐवजी मुलगी असली तर? तीही 'इत्तेकिमास'च म्हणते. येतो, येते असला फरक जपानी क्रियापदात नसतोच. तो टेबल की ते टेबल, यावरून आपल्याकडे घराघरांत भांडणं होतात. जपानी मुलांची त्यातून सुटका आहे.

संध्याकाळी हाच मुलगा दारात बूट काढताना म्हणतो, "तादाइमा!" याचा अर्थ फक्त 'आत्ता'. आत्ता काय? आत्ता आलो! त्यातलं 'आलो' बोलण्याच्या घाईत कधीच गळून गेलं. दुपारी कुणी भेटलं की म्हणायचं 'कोन्निचिवा' तर याहून मजेदार आहे. त्याचा अर्थ 'आजचा दिवस तर…' आणि वाक्य तिथेच लोंबकळत राहतं. दिवस छान आहे की उकाड्याचा, ते कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही. हसू नका. आपणही "काय मग…" एवढंच म्हणून गप्प बसतोच ना?

जेवायला बसल्यावर हात जोडून म्हणतात 'इतादाकिमास'. हा शब्द मला सगळ्यांत आवडतो. 'इतादाकी' म्हणजे डोंगराचं शिखर, डोक्याचा माथा. मोठ्यांनी दिलेली वस्तू माथ्यापर्यंत उचलून घ्यायची, म्हणजेच आदराने स्वीकारायची, असा त्यामागचा भाव आहे. आपण प्रसाद हातात घेऊन आधी कपाळाला लावतो आणि मग खातो, अगदी तसं. जेवण संपलं की म्हणायचं 'गोचिसोसामा'. यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावपळ. पाहुण्याला चांगलंचुंगलं खाऊ घालायचं तर किती पळापळ होते! त्या पळणाऱ्याचे आभार मानायचे. आज रात्री आईला किंवा बाबांना, ज्यांनी पोळ्या लाटल्या असतील त्यांना म्हणून बघा. आधी अर्थ सांगा मात्र, नाहीतर ते घाबरतील.

एक शब्द पक्का पाठ करा, 'सुमिमासेन'. धक्का लागला तर माफी मागायला तोच, हॉटेलात वाढप्याला हाक मारायला तोच आणि कुणी बसायला जागा दिली तर आभार मानायलाही तोच! मूळ अर्थ आहे 'संपलेलं नाही', म्हणजे तुमचं देणं माझ्यावर अजून बाकी आहे.

आणि प्रश्न विचारायचा असेल तर? "मिझु नोमिमास का?" मिझु म्हणजे पाणी, नोमिमास म्हणजे पिता. आणि शेवटचा 'का' म्हणजे चक्क आपला 'का'! पाणी पिता का? शब्दांचा क्रमसुद्धा तोच. पदार्थ चविष्ट असला की म्हणतात, "ओइशी देस ने!" छान आहे ना! त्यांचा 'ने', आपला 'ना'. वाटतं, या भाषा बहिणी असाव्यात. पण नाही. मराठीचं घराणं संस्कृत-प्राकृताचं, जपानीचं अगदी वेगळं. हा निव्वळ योगायोग.

पाव मात्र योगायोगाने आलेला नाही. जपानी बेकरीत 'पान' मागा, विड्याचं पान मिळणार नाही, पाव मिळेल. पोर्तुगीजांनी 1510 मध्ये गोवा घेतलं आणि 1543 मध्ये ते जपानला पोचले. पावाला त्यांच्या भाषेत जो शब्द आहे, त्याचा आपण 'पाव' केला आणि जपान्यांनी 'पान'. वडापावातला पाव आणि तोक्योतला पान, सख्खी भावंडं!

राहिला फोन. जपानमध्ये 1890 साली तोक्यो आणि योकोहामा या शहरांमध्ये टेलिफोन सुरू झाला. तिकडे फोन उचलल्यावर 'हॅलो'ऐवजी म्हणतात 'मोशी मोशी'. (पुण्याजवळच्या मोशी गावाचा इथे काही संबंध नाही.) नम्रपणे बोलणं याला जपानीत 'मोसु' म्हणतात, त्यातून हा 'मोशी' आला. पण दोनदा कशाला? तिकडे गमतीने सांगतात, की माणसाचं सोंग घेऊन फसवणाऱ्या कोल्ह्याला 'मोशी' एकदाच म्हणता येतं, लागोपाठ दोनदा जमतच नाही.

तेव्हा पलीकडून एकदाच 'मोशी' ऐकू आलं, तर मुकाट्याने फोन ठेवून द्या.