एकशे छत्तीस फूट

ऑक्टोबरच्या मध्यावर एक माणूस आमच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला आणि डोळे बारीक करून समोरच्या घराच्या छपराकडे बघत राहिला. ना शिडी, ना दिवे. फोनवर एक फोटो काढला, दहा पावलं सरकला, पुन्हा तेच. न्यू जर्सीतल्या आमच्या एडिसन गावात नाताळची रोषणाई करणारे काही नवे नाहीत. पण दिवे लावायला आलेला माणूस अर्धा तास नुसता बघतोय, हे मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. राहवलं नाही, खाली उतरले.

समोरचं घर नागपूरकरांचं. त्यांना दिवे दिवाळीआधी हवे होते आणि जानेवारीपर्यंत ठेवायचे होते. एका खर्चात दोन सण, हा हिशेब इकडच्या कितीतरी देशी घरांतून चालतो. ठेकेदाराला त्याचं सोयरसुतक नाही. उन्हाळ्यात तो लोकांचं गवत कापतो, पानगळीत पन्हळी साफ करतो, गवत वाढायचं थांबलं की दिव्यांकडे वळतो.

नागपूरकरांनी अंगणातून टेप फिरवून माप तयारच ठेवलं होतं : १२६ फूट. ठेकेदाराने कागदावर नजर टाकली न टाकली आणि म्हणाला, "एकशे छत्तीस."

फुटावर पैसे घेणारा माणूस उभ्या उभ्या दहा फूट वाढवतो, तेव्हा माझ्यातली मंडईतली बाई जागी होते. कसे, म्हणून विचारलं. त्याने दर्शनी बाजूचे दोन त्रिकोणी माथे दाखवले. दोन्ही वीस-वीस फूट रुंद. जमिनीवरून मोजले तर वीसच भरतात, पण दिवे जाणार उतारावरून. उतार बाराला नऊ, म्हणजे बारा फूट आडवं गेलं की छप्पर नऊ फूट चढतं. नऊ, बारा, पंधरा. शाळेतला पायथागोरस! दहा फुटांची अर्धी बाजू उतारावर साडेबारा होते, अख्खा माथा पंचवीस, दोन माथे पन्नास. वाढलेले दहा फूट हे असे. हिशेब चोख होता. एकशे छत्तीस फूट, दर फुटाला एक दिवा, एकशे छत्तीस दिवे.

अर्धा तास तो बघत काय होता, तेही मग कळलं. दिवा कुठे लागणार हे कोणीही सांगेल. कुठे लागणार नाही, ते तो ठरवत होता. गॅरेजची वळचण खाली, मुख्य घराची एक मजला वर. वीज खालून वर न्यायची तर मधल्या टप्प्यात तार कोरी हवी, एकही दिवा नसलेली, आणि तीही पन्हळीच्या उभ्या नळामागून, नळाच्याच पांढऱ्या रंगाची. हौशी माणसं इथेच दिव्यांची माळ तशीच वर ओढतात आणि ती रात्री दोन मजल्यांच्या मधे लोंबकळत राहते. या घरात अशा कोऱ्या उड्या तीन. बांधणाऱ्याने शोभेसाठी बसवलेल्या प्रत्येक माथ्यामागे एक उडी वाढते, असं तो जरा चिडूनच म्हणाला. मला पटलं. आत खोलीही नसलेले हे माथे नुसते रस्त्याला दाखवायला असतात.

नागपूरकरांना आढ्यावरही रांग हवी होती. फोनवर कुणाच्या तरी घराचा फोटो होता. ठेकेदाराने सरळ नाही म्हटलं. "बाराला नऊच्या छपरावर मी माणूस चालवत नाही." पैसे वाढवून देतो म्हटल्यावरही नाही. या एका नकारावर मी त्याचे दहा काय, वीस फूट मान्य केले असते.

थॉमस एडिसनने १८७९च्या ३१ डिसेंबरला आपले विजेचे दिवे लोकांना दाखवले ते इथल्याच मेन्लो पार्कमध्ये. त्याचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने १८८२मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरात नाताळचं झाड ८० विजेच्या दिव्यांनी सजवलं, लाल, पांढऱ्या आणि निळ्या. तेव्हा ती श्रीमंताची चैन होती. छपरावर लावतात त्या सी-नाइन आकाराच्या जुन्या काचेच्या दिव्याला ७ वॅट लागत. एकशे छत्तीस दिव्यांचे झाले ९५२, म्हणजे पंधरा अँपियरच्या सर्किटची अर्ध्याहून जास्त ताकद इथेच खर्च, आणि त्याच सर्किटवर बहुधा गॅरेजमधला फ्रीज. आताचा त्याच आकाराचा एलईडी एक वॅटही पुरता खात नाही. विजेची चिंता मिटली, उंचीची तेवढीच राहिली.

वर चढणारा ठेकेदार नव्हता. तो होता त्याचा मदतनीस, इक्वेडोरहून आलेला विशी-बाविशीचा मुलगा. तारा कापणं, होल्डरमध्ये दिवे पिळणं, क्लिपा अडकवणं, सगळं त्याने हिरवळीवरच उरकलं. मग शिडी लावली, पाया भिंतीपासून उंचीच्या एक चतुर्थांश दूर, आणि वर जाऊन आधी पन्हळीत हात घातला. ओकची कुजलेली पानं मूठ मूठ बाहेर आली. तो ओला, आंबूस वास, त्यात उन्हाने तापलेल्या छपराचा डांबरी दर्प. रोषणाई म्हटलं की मला आता आधी तो वास आठवतो.

वळचणीला पन्हळीची कड असते, क्लिप तिला धरते. माथ्याच्या उताराला पन्हळच नसते. तिथे छपरावरच्या शिंगलची कड किंचित उचलून क्लिप खाली सरकवावी लागते. कडक थंडीत शिंगल ताठरते, उचलायला जावं तर तडकते. हे काम ऑक्टोबरात होतं ते बरंच. प्रत्येक क्लिप बसली की मुलगा अंगठ्याने दिवा हलकेच ढकलून सरळ करायचा. प्रत्येक दिवा. खालून मला काही फरक दिसत नव्हता. "रात्री दिसतो," ठेकेदार म्हणाला, "एक तिरपा असला तर तेवढाच दिसतो."

नागपूरकरांच्या आई सहा महिन्यांसाठी आलेल्या. त्या पोर्चमध्ये शाल गुंडाळून उभ्या. "त्या पोट्ट्याले एवढ्या वर कायले चढवता बापा?"

"आई, त्याचं कामच आहे ते."

"मंग? काम आहे म्हणून पडत नाही का?"

मुलाला मराठीचं अक्षर कळलं नसेल, पण आवाजातली काळजी कळली. वरूनच हसून त्याने हात हलवला. शिडीवरून हात सोडला म्हणून आजींनी डोळेच मिटले.

दिवाळी झाली. नोव्हेंबरातल्या पहिल्या मोठ्या पावसात सगळे दिवे गेले. गळणारी वीज तोडणारं बाहेरचं सॉकेट दाबलं की सुरू व्हायचं, पुन्हा पडायचं. मुलगा आला, एकटाच. ठेकेदार दुसऱ्या घरी होता, म्हणजे शिडी धरायला कुणी नाही. आढ्याला नाही म्हणणारा माणूस पावसात मात्र एकाला एकटं पाठवतो. त्याच्या खात्यात मी हेही लिहून ठेवलंय. शिडी मी धरली. त्याच्या प्रत्येक पावलाचा हादरा ॲल्युमिनियममधून माझ्या तळव्यात येत होता.

दोष गॅरेजच्या कोपऱ्यावर होता. तारेच्या टोकाचा रिकामा जोड तोंड वर करून राहिला होता, त्यात पाणी साचलेलं. त्याने पाणी झटकलं, जोड पुसला, टेप गुंडाळून तोंड जमिनीकडे केलं. खाली उतरून सॉकेटचं बटण दाबलं. दिवे लागले आणि लागलेले राहिले. तेवढ्यात त्याचा फोन वाजला : आणखी तीन घरं, हीच तक्रार. शिडी व्हॅनवर चढवताना त्याने मला विचारलं, आज पाऊस थांबेल का. फोनवर बघून मी नाही म्हटलं.