डिस्कांच्या समूहांत नवी डिस्क घालतांना

शाळा, पेढी, इस्पितळ अशा संस्थांच्या सर्व्हरांत मुलांचे गुण, लोकांच्या ठेवी व रोग्यांच्या नोंदी साठविलेल्या असतात. एक डिस्क बिघडल्यानें त्या नाहींशा होऊं नयेत, याकरितां अनेक डिस्कांचा जो समूह करितात, त्यास 'रेड' म्हणतात. ही कल्पना बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठांतील पॅटर्सन, गिब्सन व काट्झ यांनीं १९८८ सालीं एका निबंधांत मांडली. एका मोठ्या व महाग डिस्केऐवजीं अनेक स्वस्त डिस्का एकजुटीनें कामास लावाव्या, हा तिचा मथितार्थ. या समूहाची व्यवस्था पाहणाऱ्या यंत्रास कंट्रोलर म्हणतात.

ही युक्ति साध्या हिशेबानें समजते. एका डिस्केवर ७, दुसरीवर ५ आणि तिसरीवर त्यांची बेरीज १२ लिहिली असें समजूं. दुसरी डिस्क नाश पावली, तरी १२ मधून ७ वजा करितां ५ परत मिळतात. परंतु दोन डिस्का एकदम गेल्या, तर उरलेल्या एकीवरून कांहींच कळणार नाहीं. प्रत्यक्षांत कंट्रोलर बेरजेऐवजीं शून्य व एक या अंकांची समविषमता पाहतो, आणि हा ताळा सर्व डिस्कांवर आळीपाळीनें वांटून ठेवितो. या पद्धतीस रेड-५ असें नांव आहे.

आतां नवी डिस्क घालण्याचे हेतु तीन असूं शकतात: बिघडलेल्या डिस्केची जागा भरणें, पुढील संकटासाठीं एक डिस्क राखीव ठेवणें, किंवा साठवणाची जागा वाढविणें. कोणता हेतु आहे हें आधीं ठरवावें. कारण डिस्क खांचेंत बसविल्यानें ती समूहांत सामील होतेच असें नाहीं. पुष्कळदां कंट्रोलर तिला नुसती 'मोकळी' म्हणून दाखवितो, व पुढील आज्ञा आपणच द्यावी लागते.

नवी डिस्क समूहांतील सर्वांत लहान डिस्केपेक्षां लहान नसावी, आणि तिची जोडणी इतरांसारखीच असावी. ती पूर्वीं दुसऱ्या समूहांत असेल, तर तिजवरील जुनी रचना स्वीकारावी कीं पुसावी, असा प्रश्न कंट्रोलर विचारतो. अशा वेळीं खांचेचा क्रमांक दोनदां ताडून पाहावा. घाईनें भलतीच डिस्क पुसली गेली, तर पश्चात्तापावांचून कांहीं उरत नाहीं.

जागा वाढविण्याचें काम सर्वांत नाजूक होय, आणि सर्वच कंट्रोलरांस तें साधत नाहीं. ४ टेराबाइटांच्या चार डिस्कांच्या रेड-५ समूहांत १२ टेराबाइट मावतात. पांचवी घातली कीं १६ मावतात. परंतु वरील उदाहरणांत ४ हा आंकडा नव्यानें आला, तर १२ ही बेरीज पुसून १६ लिहावी लागेल. तसाच साऱ्या नोंदींचा ताळा नव्यानें मांडावा लागतो. सेकंदास १५० मेगाबाइट या वेगानें ४ टेराबाइटांची एक डिस्क नुसती वाचावयासच सात तासांहून अधिक वेळ लागतो. मग ही मांडणी कित्येकदां दिवसचे दिवस चालावी यांत नवल नाहीं. तेवढ्या अवधींत वीज जाऊं नये अशी तजवीज हवी. शेवटीं सर्व्हरच्या कार्यप्रणालींतही विभागाची मर्यादा वाढवावी लागते. नाहीं तर नवी जागा असूनही उपयोगांत येत नाहीं.

या सर्वांच्या आधींचें काम मात्र आम्हीं मुद्दाम शेवटीं सांगत आहों, तें स्मरणांत राहावें म्हणून. समूहाला हात लावण्यापूर्वीं सर्व नोंदींची एक प्रत अन्यत्र करून ठेवावी, व ती उघडते कीं नाहीं हें पाहावें. चुकीनें पुसलेली नोंद समूहांतील सर्व डिस्कांवरून एकदमच पुसली जाते. तेथें ताळ्याचा उपयोग नाहीं. डिस्कांचा समूह यंत्राच्या बिघाडापासून रक्षण करितो. माणसाच्या चुकीपासून रक्षण वेगळी ठेवलेली प्रतच करिते. ज्यांचे गुण व ठेवी अशा यंत्रांत आहेत, त्या विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं हा भेद जाणून घ्यावा, आणि आपल्या घरच्या संगणकासही तो लागू करावा.