तारुण्यपीटिका आणि त्यांचे वण

गेल्या वर्षी आमच्या भाच्याचे लग्न झाले. वराच्या धाकट्या बहिणीने दोन महिने आधी कुणाच्या तरी सांगण्यावरून औषधाच्या दुकानातून एक मलम आणले. आठच दिवसांत तिचा चेहरा असा उजळला, की आम्ही सर्वांनी तिचे तोंड भरून कौतुक केले. त्या कौतुकाची आम्हांस आज लाज वाटते. लग्न आटोपले, मलम थांबले आणि गाल लालबुंद होऊन आग करू लागले; कपाळापुरती असलेली मुरुमे हनुवटीपर्यंत उतरली. नळीवरील बारीक अक्षरे भिंगातून वाचली, तेव्हा उलगडा झाला. मलमात स्टेरॉइड होते.

अशी अनेक मलमे केंद्र सरकारने २०१८ साली 'एच' परिशिष्टात घातली; म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. तरीही ती मिळतात, हे आम्ही आमच्याच घरात पाहिले.

वयात येताना अँड्रोजन संप्रेरकांमुळे त्वचेतील तैलग्रंथी अधिक स्रवू लागतात, केसाच्या मुळाशी मृत पेशींचे बूच बसते, त्यामागे जंतू वाढतात आणि सूज येते. हे सारे आत घडते. यास्तव दिवसातून सहा वेळा तोंड घासून काही साधत नाही. सहाणेवर उगाळलेले चंदन थंड वाटते, इतकेच. लिंबाचा रस मात्र कातडी पोळतो.

सौम्य विकारात बेन्झॉइल पेरॉक्साइडचे अडीच टक्क्यांचे मलम आणि रात्री अ‍ॅडापॅलीन, तेही वाटाण्याएवढे व संपूर्ण चेहऱ्यास, एवढ्याने पुष्कळांचे भागते. (पहिल्या मलमाने उशीचे अभ्रे व ओढण्या विटतात, हे गृहिणींनी ध्यानी ठेवावे!) आरंभी त्वचा कोरडी पडते, आणि गुण दिसण्यास आठ ते बारा आठवडे लागतात. बहुतेकजण तिसऱ्या आठवड्यातच कंटाळतात. सूज अधिक असल्यास डॉक्सिसायक्लीनच्या गोळ्या देतात, परंतु शक्यतो तीन महिन्यांहून अधिक नाही. मुलीची पाळी अनियमित असेल व ओठांवर लव वाढत असेल, तर संप्रेरकांची तपासणी करावी.

गाठी होऊन वण पडू लागले, तर आयसोट्रेटिनॉइन हे औषध आहे. अमेरिकेत १९८२ साली मान्यता मिळालेले हे औषध फार गुणकारी आहे. पण ते चालू असता गर्भ राहिल्यास बालकात गंभीर व्यंगे उद्भवू शकतात. म्हणून विवाहित स्त्रियांनी ही गोष्ट डॉक्टरांपाशी संकोच न धरता बोलावी. लग्न ठरलेल्या मुलींनीही.

वणांविषयी लोक एक गल्लत करतात. तपकिरी डाग म्हणजे वण नव्हे. उन्हापासून जपल्यास तो काही महिन्यांत फिकटतो. खड्डा मात्र आपोआप भरत नाही. सुईच्या टोकासारख्या खोल खड्ड्यांत तीव्र आम्लाचा थेंब सोडतात. लाटेसारख्या खोलगट वणांखालचे तंतू सुईने सोडवितात. उथळ वणांवर सूक्ष्म सुयांचा किंवा लेसरचा प्रयोग करतात. आपल्या सावळ्या कातडीवर लेसरने नवे काळे डाग उमटू शकतात, म्हणून अनुभवी त्वचारोगतज्ज्ञच गाठावा. बैठका अनेक लागतात, खर्च थोडका नसतो, आणि चेहरा पूर्ववत गुळगुळीत होईल, असे वचन प्रामाणिक डॉक्टर देत नाहीत. शिवाय आधी मुरुमे शमली पाहिजेत.

भाचीचा चेहरा निवळण्यास सहा महिने लागले. उजव्या गालावर तीन खड्डे उरले आहेत. स्थळे पाहण्याच्या आत ते बुजवून घ्यावेत, असा तिच्या आईचा धोशा आहे. भाची म्हणते, "आधी परीक्षा होऊ दे."