पॅकेज खासगी, नाव मात्र उघड्यावर

संगणकाची आज्ञावली लिहिणारा प्रोग्रामर आज प्रत्येक ओळ स्वतः लिहीत नाही. नेहमीच्या कामांसाठी इतरांनी लिहून ठेवलेली ‘पॅकेजेस’ तो सामायिक कोठारातून उचलतो. जावास्क्रिप्टसाठी ‘एनपीएम’ आणि पायथॉनसाठी ‘पायपीआय’ ही अशी सर्वांना खुली असलेली कोठारे. कंपन्यांची काही पॅकेजेस मात्र केवळ स्वतःच्या वापरासाठी असतात आणि ती अंतर्गत कोठारात राहतात. तेथे कुलूप लावले की काळजी मिटली, हा समज फेब्रुवारी २०२१ मध्ये खोटा ठरला.

ॲलेक्स बिरसान या सुरक्षा संशोधकाने बड्या कंपन्यांच्या अंतर्गत पॅकेजेसची अनवधानाने उघड झालेली नावे गोळा केली. पॅकेजमधील मजकूर त्याच्या हाती लागलाच नव्हता; नाव तेवढे लागले होते. त्याच नावाची, पण आवृत्तीचा क्रमांक बराच वरचा असलेली पॅकेजेस त्याने खुल्या कोठारांत ठेवून दिली. पॅकेज उतरवून घेणारी यंत्रणा दोन्हीकडे शोध घेत असेल, तर वरच्या क्रमांकाचे पॅकेज नवे समजून ती बाहेरचेच उचलते. ॲपल, मायक्रोसॉफ्ट, पेपाल यांच्यासह ३५ हून अधिक कंपन्यांच्या यंत्रणांत त्याचा कोड अशा रीतीने चालला. बिरसानचा हेतू चांगला होता, म्हणून त्याला बक्षिसे मिळाली. डिसेंबर २०२२ मध्ये ‘पायटॉर्च’ प्रकल्पाच्या स्वतंत्र कोठारातील एका पॅकेजचे नाव पायपीआयवर घेणाऱ्याने मात्र वापरकर्त्यांच्या संगणकांवरील माहिती पळविली.

यावर एनपीएममधील उपाय म्हणजे पॅकेजला आडनाव देणे. ‘@’ चिन्हापुढे संस्थेचे नाव, मग तिरकी रेघ आणि पॅकेजचे नाव. ते आडनाव ज्याच्या खात्यावर नोंदलेले असेल, त्यालाच ते वापरून खुल्या कोठारात पॅकेज प्रकाशित करता येते. म्हणूनच सारे काम अंतर्गत कोठारात चालत असले, तरी आडनाव एनपीएमवर नोंदवून ठेवणे शहाणपणाचे.

नवख्यांचा गोंधळ होतो तो पुढे. बिनआडनावाचे पॅकेज नेहमीच सार्वजनिक असते. आडनावाचे पॅकेज मूळ स्थितीत मर्यादित मानले जाते आणि खासगी पॅकेजेसची सोय सशुल्क असल्याने फुकट खातेदाराला प्रकाशनावेळी पैशांची मागणी करणारा संदेश दिसतो. पॅकेज सर्वांसाठी असेल, तर पहिल्या प्रकाशनाच्या वेळी ‘ॲक्सेस पब्लिक’ असे स्पष्ट सांगावे लागते. पॅकेजच्या माहिती-फाइलमधील ‘प्रायव्हेट’ या नोंदीचा अर्थही अनेकदा चुकीचा घेतला जातो. ती नोंद पॅकेज खासगीरीत्या प्रकाशित करीत नाही, तर प्रकाशनच रोखते. अंतर्गत प्रकल्प चुकून बाहेर जाऊ नये यासाठी ती एक ओळ फार मोलाची.

कारण बाहेर गेलेले पॅकेज परत घेणे सोपे नाही. मार्च २०१६ मध्ये ‘लेफ्ट-पॅड’ हे अवघ्या ११ ओळींचे पॅकेज त्याच्या लेखकाने काढून घेतले आणि त्यावर विसंबलेले असंख्य प्रकल्प अडले. त्यानंतर नियम कडक झाले. आता पहिल्या ७२ तासांत, तेही अन्य पॅकेजेस त्यावर अवलंबून नसतील तरच, ते सहज हटविता येते; पुढे आणखी अटी लागतात. तोपर्यंत ज्यांनी ते उतरवून घेतले, त्यांच्याकडील प्रती तशाच राहतात.