लांगली (कळलावी) : कुंडीतील संगोपन व सावधानता

श्रावणात सह्याद्रीच्या उतारांवर, कुंपणांच्या आधाराने चढलेली कळलावी ज्याने पाहिली, त्याला तिच्या 'अग्निशिखा' या पर्यायनामाचा अर्थ निराळा सांगावा लागत नाही. अलीकडे हीच वेल 'ग्लोरिओसा' या नावाने रोपवाटिकांतून शोभेसाठी विकली जाते. पिवळी कड असलेल्या किरमिजी फुलांचा 'रॉथशिल्डियाना' हा तिचा प्रकार परदेशांतही घरातील कुंड्यांत हौसेने लावला जातो. चिकित्सालयाच्या किंवा औषधालयाच्या सज्जात ही वेल लावण्याविषयी व्यवसायबंधू आमच्याकडे पृच्छा करतात. आमचे मत अनुकूल आहे. मात्र ती लावणाऱ्याने तिचा विश्रामकाळ नीट समजून घेतला पाहिजे. या वेलीचे बहुतेक कंद त्याच काळात नासतात आणि घरातील माणसांना असणारा धोकाही त्याच काळात नजरेआड होतो.

परिचय

लांगलीचे शास्त्रीय नाव 'ग्लोरिओसा सुपर्बा' असून पूर्वी तिची गणना पलांडू कुलात होत असे. आता ती 'कोल्चिकेसी' कुलात होते. तमिळनाडूचे हे राज्यपुष्प आहे. लांगल म्हणजे नांगर. जमिनीखालील दोन फाट्यांचा मांसल कंद नांगरासारखा दिसतो, त्यावरून लांगली, हलिनी ही नावे आली. 'कळलावी' हे मराठी नाव प्रसूतीच्या कळांशी निगडित आहे. अपरापातनासाठी हातापायांच्या तळांना लांगलीमूलकल्काचा लेप सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात सांगितला आहे. येथे योजना बाह्य लेपाची आहे, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

पानांची टोके लांबून त्यांचेच प्रतान होतात आणि वेल त्यांच्या साहाय्याने चढते. फुलाच्या सहाही पाकळ्या मागे वळलेल्या व कडेने नागमोडी असतात. त्या प्रथम हिरवट, मग पिवळ्या, नारिंगी व शेवटी लाल होतात. कुक्षिवृंत बुडाशीच काटकोनात वळलेला असतो. या खुणा एकदा प्रत्यक्ष पाहिल्या की वनस्पती ओळखण्यात सहसा चूक होत नाही. वाळलेल्या कंदाच्या तुकड्यांवरून मात्र ओळख पटवणे कठीण असते. द्रव्यपरिचयासाठी संपूर्ण वेल वर्षभर डोळ्यांसमोर असणे म्हणूनच उपयुक्त ठरते.

लागवड

कंद मे महिन्याच्या अखेरीस, पावसापूर्वी लावावा. या कंदाच्या प्रत्येक फाट्याच्या टोकाशी एकच डोळा असतो. टोक मोडले तर तो फाटा कितीही टवटवीत दिसला तरी त्यातून कोंब येत नाही. बटाट्याप्रमाणे कंदाचे तुकडे करून लावण्याचा मोह यासाठी टाळावा आणि विकत घेताना टोके शाबूत आहेत हे पाहूनच घ्यावे.

कुंडी दहा ते बारा इंच व्यासाची, तळाला पुरेशी छिद्रे असलेली घ्यावी. तांबडी माती, कुजलेला पालापाचोळा व भरड वाळू समभाग मिसळावी. निचरा हा येथे सर्वांत महत्त्वाचा आहे. कंद आडवा ठेवून त्यावर सुमारे दोन इंच माती पसरावी. कोंब दिसेपर्यंत माती केवळ ओलसर ठेवावी. त्या काळात जास्त पाणी दिल्यास कंद कुजतो.

कोंब वर येताच आधार द्यावा. प्रतान बारीक वस्तूंनाच विळखा घालतात, म्हणून जाड खांबापेक्षा बांबूच्या बारीक कामट्या, सुतळी किंवा तारेची जाळी योग्य. वेल माणसाच्या उंचीइतकी सहज जाते. देठ ठिसूळ असतात, त्यामुळे वेल वळवताना ओढू नये. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळेल अशी पूर्वेकडील खिडकी वा सज्जा उत्तम. अंधाऱ्या दिवाणखान्यात वेल वाढेल, पण फुलणार नाही. वाढीच्या काळात माती वरून सुकू लागली की पाणी द्यावे व पंधरा दिवसांनी थोडे गांडूळखत घालावे. पावसाळ्यात काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेल्या अळ्या पाने फस्त करतात. त्या हातमोजे घालून वेचून काढाव्यात.

विश्रामकाळ

फुलोरा संपला की पाने पिवळी पडू लागतात. अनेकांना हा रोग वाटतो व ते पाणी आणि खत वाढवतात. वस्तुतः वेल या वेळी आपले सत्त्व जमिनीखाली साठवत असते. जुना कंद सुकून जातो व त्याच्या जागी नवा तयार होतो. पाने पिवळी पडताच पाणी कमी करत जावे व वेल पूर्ण वाळल्यावर ते थांबवावे. वाळलेला वेल कापून कुंडी कोरड्या, अवकाळी पाऊस लागणार नाही अशा जागी पुढील मे महिन्यापर्यंत तशीच ठेवावी. वेल मेली असे समजून कुंडी ओतून टाकू नये.

याच काळात कुंडी रिकामी दिसते. घरातील नवी मोलकरीण, माळी किंवा दुकानातील नवा नोकर ती रिकामीच समजणार. ती उपसली की एखाद्या खाद्यकंदासारखा भासणारा कंद हाती येतो. श्रीलंकेत हे कंद रताळी समजून खाल्ल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. म्हणून कुंडीवर 'लांगली – विषारी कंद' अशी न पुसणारी पाटी वर्षभर असावी, आणि वेल वाळल्यावर तर ती आहे की नाही हे आवर्जून पाहावे. कुंडी मुलांच्या आणि पाळीव जनावरांच्या आवाक्याबाहेर असावी. स्वयंपाकघराजवळ वा भाजीच्या कुंड्यांच्या रांगेत ती कधीच नसावी.

विषत्व

लांगली उपविषांत गणली जाते. तिच्या सर्व अंगांत कोल्चिसीन असते. बियांत त्याचे प्रमाण कंदापेक्षा अधिक असते. फळ उकलल्यावर दिसणाऱ्या तांबड्या बिया मुलांना आकर्षित करतात, म्हणून घरात मुले असल्यास कोवळी फळेच खुडून टाकावीत. कंद हाताळताना हातमोजे वापरावेत व नंतर हात साबणाने धुवावेत. गर्भवती स्त्रीने हे काम करू नये.

विषबाधेचे स्वरूप फसवे आहे. पहिले काही तास रुग्ण स्वस्थ दिसू शकतो. नंतर घशात दाह, वांत्या, अतिसार सुरू होतो. तो शमल्यासारखा वाटत असतानाच दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून अस्थिमज्जा, वृक्क व हृदय यांवर आघात होतो. जे वाचतात त्यांचे केस काही दिवसांनी गळतात. यास्तव लक्षणांची वाट न पाहता आणि घरगुती उपायांत वेळ न दवडता, कंद खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी रुग्णास अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात पाठवावे व वनस्पतीचा तुकडा सोबत द्यावा. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्राचे मार्गदर्शन डॉक्टरांना घेता येते.

औषधालयांसाठी

औषध नियमांच्या ई-१ या अनुसूचीत लांगलीचा समावेश आहे. त्या अनुसूचीतील द्रव्य असलेल्या, पोटात घ्यावयाच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. कासीसादि तैलासारख्या योगांसाठी लागणारा कंद लागवड करणाऱ्यांकडून, नोंदीसह घ्यावा. जंगलातून उपटून आणलेला घेऊ नये. तमिळनाडूत मुख्यतः बियांसाठी तिची शेती होते. राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाची स्थापना २००० साली झाली. त्याने लागवडीसाठी प्राधान्य दिलेल्या वनस्पतींत लांगली होती, हे तिच्या वाढत्या मागणीचे व घटत्या उपलब्धतेचे द्योतक आहे. कुंडीतील एक-दोन कंद मात्र परिचयापुरतेच समजावेत. गोमूत्रशोधन झाले म्हणजे सज्जातील कंद औषधयोग्य झाला, असा समज कोणीही करून घेऊ नये.

ज्या द्रव्याचे नाव आपण औषधपत्रिकेवर लिहितो ते उगवताना, फुलताना व विश्राम घेताना पाहिलेले असावे, अशी आमची अपेक्षा आहे. लांगलीच्या बाबतीत तो अभ्यास सज्जातल्या एका कुंडीत पुरा होऊ शकतो. पाटी तेवढी जागेवर राहिली पाहिजे.