वेदीखालचा प्रश्न
आता आपण प्रकटीकरणाच्या 6 व्या अध्यायाकडे येऊ. कोकरा पाचवा शिक्का फोडतो आणि योहानाला वेदीखाली, देवाच्या वचनासाठी मारल्या गेलेल्यांचे आत्मे दिसतात. वेदीखालीच का? लेवीय 4 काढून बघा: पापार्पणाच्या गोऱ्ह्याचं उरलेलं रक्त होमवेदीच्या पायथ्याशी ओतत असत. म्हणजे जगाने ज्याला शिक्षा म्हटलं, ते देवाच्या हिशेबी अर्पण ठरलं.

हे आत्मे मोठ्याने विचारतात, न्यायाला अजून किती उशीर? काहींना इथे सूडाचा वास येतो. आम्हाला तसं वाटत नाही. ते स्वतः हात उचलत नाहीत, फिर्याद न्यायाधीशापुढे ठेवतात. हाबेलाच्या रक्ताने जमिनीतून केली तशीच. आणि देव त्यांना गप्प बसवत नाही बरं का! आधी प्रत्येकाला शुभ्र झगा मिळतो. माणसांनी दोषी ठरवलं होतं, तो निकाल इथे फिरला.

पुढचं मात्र पचायला जड आहे. थोडं थांबा, तुमचे आणखी भाऊ मारले जायचे आहेत. पर्गमात अंतिपा आधीच मारला गेला होता. तिथल्या मंडळीने हे ऐकलं, तेव्हा 'आणखी' म्हणजे आपल्यातलं कोण, असं मनात आलं असणारच. त्या रक्ताचा न्याय झाल्याची घोषणा येते ती थेट 19 व्या अध्यायात.